राखुंडी कोंबडा बदलल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय ५६ वर्षे, धंदा रफू व शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचे दोन दारांचे घर, आज शनिवार, २७ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. घराच्या दुसऱ्या दाराकडच्या दोन खोल्यांत माझे धाकटे दीर राहतात. ते पाणीपुरवठा खात्यात वॉलमन आहेत. ठरलेल्या वेळी ठरलेल्या भागाचा वॉल उघडून पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. त्यांचे लग्न झालेले नाही. जेवायला ते माझ्याकडे असतात. माझे पती बस आगारात फिटर होते, तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगी एक आहे, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते.

मी ८ एप्रिल रोजी याच ठाण्यात तक्रार दिली होती. त्या तक्रारीतला मुख्य भाग चुकीचा आहे. तो दुरुस्त करून घेण्यासाठी मी या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी येऊन गेले. सोमवारी हवालदार रजेवर होते. मंगळवारी हवालदार होते, वीज नव्हती. गुरुवारी वीज होती, पण प्रिंटरमधली शाई संपली होती. मी म्हटले, हाताने लिहा. हाताने लिहिलेले आता चालत नाही, असे मला सांगण्यात आले. हा मजकूर जबाबात कशाला, असे हवालदारांचे म्हणणे आहे. मी सांगितले म्हणून घेतला आहे.

माझ्या घरामागे खुराडे आहे. त्यात राखुंडी जातीच्या कोंबड्या आहेत. ही जात माझ्या पतींनी सव्वीस वर्षे सांभाळली. या कोंबड्या अंगभर एकसारख्या राखेच्या रंगाच्या असतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकही पीस वेगळ्या रंगाचे नसते. अंडी कमी देतात. अंगाने भरायला वेळ घेतात. त्यामुळे लोकांनी त्या ठेवणे सोडून दिले. माझ्या माहितीप्रमाणे आमच्याशिवाय ही जात एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे होती. त्यांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या वर्षी रोगाने मेल्या. त्यांना या हंगामातली पिल्ले द्यायचे मी कबूल केले होते.

पती हयात असताना मला या कोंबड्यांचे काडीचे कौतुक नव्हते, हेही सांगते. सुटीच्या दिवशी माणूस घरात सापडायचा नाही, खुराड्यात सापडायचा. मी भांडायची. ते गेल्यावर मी दोन महिने गिऱ्हाईक शोधले आणि मग शोधणे सोडले. का सोडले ते सांगण्याची गरज नाही.

या वर्षी फेब्रुवारीअखेर माझ्याकडे सात कोंबड्या आणि एक कोंबडा होता. दुसरा कोंबडा त्याआधी मुंगसाने नेला होता. उरलेला कोंबडा पतींनी स्वतः निवडून ठेवलेल्या शेवटच्या पिल्लांपैकी होता. त्याला घरात फौजदार म्हणत. हे नाव जबाबात नको असे हवालदारांनी सांगितल्यावरून इथून पुढे कोंबडा असे लिहिले आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. सुईत दोरा ओवताना डोळ्यापुढे काळा पदर आल्यासारखे झाले. मुलीने तिच्या शहरातल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवले. मी शनिवारी, २ मार्चला सकाळच्या गाडीने तिच्याकडे गेले. सोमवारी, ४ तारखेला शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात गॅस भरला होता. त्यानंतर दहा दिवस रात्रंदिवस पालथे पडून राहायचे होते. मान वर करायची नाही, वाकायचे नाही, शिंक आली तरी तोंड उघडे ठेवून शिंकायचे. डॉक्टरांनी मुलीला बजावले, "यांना कसलाही ताण देऊ नका. रडणं तर अजिबात नको." हे फोनवर दिरांनीही ऐकले होते.

कोंबड्या मी दिरांच्या भरवशावर ठेवून गेले. खुराड्याच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. जाण्यापूर्वी मी त्यांना सगळे दोनदा समजावून सांगितले. दाणा किती, पाणी किती, तूस कधी बदलायचे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालायची. शाई वापरायची नाही. रोज संध्याकाळी मी पालथी पडूनच फोन कानाशी धरून विचारायची. ते सांगायचे, "आज दोन अंडी. सगळे मजेत. तुम्ही काळजी करू नका वहिनी." मी एकदा विचारले, "कोंबडा नीट खातोय ना?" ते म्हणाले, "खातोय की." मी विचारले तो दिवस ६ मार्च होता. त्या दिवशी कोंबडा जिवंत नव्हता.

८ तारखेच्या फोनवर दिरांनी सांगितले की एक कोंबडी खुडूक झाली आहे, अंड्यांवरून उठत नाही. मी सांगितले, उद्याच तिच्याखाली आतापर्यंतची अंडी ठेवा, २ ते ८ तारखेपर्यंतची, जास्तीत जास्त अकरा. पुढची अंडी मी आल्यावर उबवणी पेटीत ठेवेन. त्यांनी तसे केले.

मी १६ मार्चला परत आले. उजव्या डोळ्यात गॅस अजून हलत होता, त्या डोळ्याने पाण्याच्या पिशवीतून बघितल्यासारखे दिसायचे. डाव्या डोळ्याचा नंबर आधीच मोठा. रस्त्यात माणूस कोण ते आवाजावरून कळायचे. घरी आल्याबरोबर मी खुराड्यापाशी गेले. कोंबडा समोर होता, राखेच्या रंगाचा, तितकाच मोठा. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आरवला तेव्हा मी दिरांना म्हटले, "याचा आवाज बदललाय का हो भावजी?" ते म्हणाले, "वय झालं त्याचं. घसा बसला असेल." मी तूप-मिऱ्याची गोळी करून त्याच्या दाण्यात घातली.

त्या कोंबड्याला मी १६ मार्चपासून ७ एप्रिलपर्यंत रोज दोन वेळा दाणा घातला. मी ओळखले नाही. हे मला कोणी विचारलेले नाही. तरी लिहून घ्यावे.

१७ मार्चला मी ९ ते १६ तारखेची बावीस अंडी उबवणी पेटीत ठेवली. ३० मार्चला खुडूक कोंबडीखालची पिल्ले निघाली. अकरातून सहा. सहाही राखी. मी शिक्षकांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "खोकं आजच धुऊन ठेवतो."

रविवारी, ७ एप्रिलला पेटीतली पंधरा पिल्ले निघाली. त्यात आठ काळी होती.

इथे हवालदारांनी विचारले की काळी निघाली तर बिघडले कुठे. त्यावर खुलासा करते. राखुंडी कोंबडा आणि राखुंडी कोंबडी यांना काळे पिल्लू होत नाही. सव्वीस वर्षांत एक झालेले नाही. काळे पिल्लू निघाले म्हणजे बाप राखुंडी नाही. दिसायला राखी असलेल्या दुसऱ्या जातीही बाजारात मिळतात. त्यांचा राखी रंग वेगळा, रक्तातला नुसता अर्धा. त्यांच्यापासून निम्मी पिल्ले काळी आणि निम्मी राखी होतात. ती राखी पिल्ले लहानपणी आमच्यासारखीच दिसतात. पिसे भरली की कडांना काळसर किनार येते, मान गडद होते. तोवर कोण कोणाचे, हे देवालाही सांगता यायचे नाही.

मी पेटीपाशी खाली बसले. मग उठून मुलीने दिलेले भिंग घेतले, खुराड्यात गेले आणि कोंबड्याला काखेत धरून उजेडात त्याची मान बघितली. मान गडद होती. प्रत्येक पिसाला बारीक काळी किनार होती. आमच्या कोंबड्याच्या डाव्या पायाचे मधले नख दारात सापडून तुटलेले होते. याची सगळी नखे शाबूत होती.

८ एप्रिलला सकाळी मी या ठाण्यात आले आणि तक्रार दिली की माझा कोंबडा चोरून कोणीतरी त्याच्या जागी दुसरा ठेवला. तेव्हा ड्युटीवर असलेल्या हवालदारांनी विचारले, "म्हणजे कोंबडा गेला?" मी म्हटले, "गेला." "मग खुराड्यात आहे तो?" "तो दुसरा." "म्हणजे एक गेला आणि एक आला. मग चोरी कसली बाई? हिशेब बरोबर आहे." शेजारचे दोघे हसले. अर्जावर ‘गेलेला माल’ आणि ‘मिळून आलेला माल’ असे दोन रकाने होते, दोन्हीत ‘कोंबडा, राखाडी, एक’ असे लिहिले गेले. मी हरकत घेतली. रकाना मोकळा ठेवता येत नाही, असे मला सांगण्यात आले.

कुलूप तुटलेले नव्हते. किल्ली कोणाकडे असते असे विचारल्यावर मी दोघांची नावे सांगितली. दिरांवर संशय आहे का, असे विचारल्यावर मी म्हटले, "छे हो. तो माणूस विंचूसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडतो." हे उत्तर मी दिले तेव्हा माझे दीर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते मला सोबत म्हणून आले होते. माझा आवाज चढला तेव्हा त्यांनी उठून माठातले पाणी आणून दिले.

मी संशय कोंबडीवाल्यावर घेतला. हा इसम दर शुक्रवारी बाजारात, सायकलच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, जिवंत कोंबड्या विकायला बसतो. माझ्या पतींच्या मागे त्याने दोन वेळा घरी येऊन कोंबडा विकणार का, असे विचारले होते. दुसऱ्या वेळी मी त्याला दारातूनच परत लावले होते. तेवढ्यावरून मी त्याचे नाव घेतले. माझ्याकडे दुसरा काहीही पुरावा नव्हता. तरीही मी ‘खात्री आहे’ असे म्हणाले. हा शब्द माझा आहे, हवालदारांचा नाही.

शुक्रवारी, १२ एप्रिलला कोंबडीवाल्याला बाजारातून उठवून इथे आणण्यात आले. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याच्या कोंबड्या बांबूच्या झापाखाली कोंडलेल्या तशाच उन्हात राहिल्या, चार मेल्या. हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. त्या दिवशी मला फक्त एवढे कळले की त्याने काही कबूल केलेले नाही. त्या संध्याकाळी दिरांनी ताटावरून उठून हात धुतले. पोट बरे नाही म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला, मी स्वतः बाजारात गेले. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. मी म्हटले, "माझा कोंबडा कुठे विकलास ते सांग." त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "बाई, मी तुमचा कोंबडा घेतला नाही. मी एक कोंबडा विकला. राखी. हे मी तिथं त्या दिवशी चारदा सांगितलं. एकानंही लिहून घेतलं नाही."

मी विचारले, कोणाला विकला. तो म्हणाला, "खाकी शर्टवाला माणूस. हातात वॉल फिरवायची ती लांब लोखंडी चावी. फोनवर फोटो दाखवला आणि म्हणाला, असाच हवा, अगदी असाच. मी म्हटलं, असाच नाही मिळायचा, ही जातच वेगळी. तर म्हणाला, लांबून सारखा दिसला तरी चालेल. मला हसू आलं. लग्नाला नवरा मुलगा बघतोय जसं काही."

मी पदराने तोंड पुसले. तो म्हणाला, "बसा बाई. घाम आलाय तुम्हाला." त्याने स्वतः उठून मला त्याची पेटी बसायला दिली. त्या वेळी मला चार कोंबड्यांबद्दल समजले.

तो माणूस खोटे बोलत नव्हता. तरी तो हे पोलिसांपुढे बोलला असताना लिहिले का गेले नाही, असे मी आज हवालदारांना विचारले. तक्रार चोरीची होती, विक्रीची नव्हती, असे उत्तर मिळाले. ते उत्तर मी इथे लिहून घ्यायला लावले आहे.

घरी आले तेव्हा दीर ओट्यावर बसून चहा पीत होते. मी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. विचारले, "फौजदाराला कुठे पुरलंत?" त्यांनी कप खाली ठेवला. "मागे. दादाच्या सायकलीच्या शेडपाशी."

मग ते बोलू लागले. मंगळवारी, ५ मार्चला सकाळी ते खुराडे उघडायला गेले तेव्हा कोंबडा दाराशी आडवा पडलेला होता. अंगावर जखम नव्हती. मान एका बाजूला. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर विचारले, डॉक्टर म्हणाले वयामुळे असेल. आदल्या दिवशी माझी शस्त्रक्रिया झालेली होती.

ते म्हणाले, "तुम्ही पालथ्या पडून होता वहिनी. डॉक्टर म्हणाले रडायचं नाही. मी काय सांगणार होतो?"

मी म्हटले, "मी कोंबड्यासाठी रडले असते असं वाटलं तुम्हाला?"

ते म्हणाले, "दादा गेला तेव्हा तुम्ही त्या खुराड्यातच जाऊन रडला होता. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघितलं होतं."

यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. बरेच बोलले. म्हटले, डोळा गेला असता तर एक गेला असता, दुसरा होता. ही जात गेली तर दुसरी कुठून आणायची? म्हटले, सव्वीस वर्षं तुमच्या दादाने काय केलं आणि तुम्ही एका दिवसात काय केलंत? आणि वर माझ्या शेजारी बसून मला पाणी देत होता? एका निरपराध माणसाला बाकावर बसवलं, तेव्हा तोंडात काय धरलं होतंत?

ते म्हणाले, "तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होता की मलाच वाटायला लागलं, त्यानंच नेला असेल."

मी हसले. मला हसायचे नव्हते. त्यामुळे मला जास्तच राग आला.

त्यानंतर मी एकच गोष्ट विचारली. नवा कोंबडा खुराड्यात कोणत्या तारखेला सोडला. याचे कारण असे. कोंबडा मेल्यावरही दहाबारा दिवस कोंबड्या त्याचीच अंडी घालतात. नवा आत आला की मात्र नव्याची सुरू होतात. खुडूक कोंबडीखालची अंडी ८ तारखेपर्यंतची होती. नवा कोंबडा ८ तारखेच्या संध्याकाळनंतर आत आला असेल, तर ती सहा पिल्ले आमच्याच कोंबड्याची. त्याआधी आला असेल, तर कशाचीच खात्री नाही आणि सगळे संपले.

दिरांना तारीख सांगता येईना. आधी म्हणाले, मेला त्याच दिवशी आणला. मग म्हणाले, दुसऱ्या दिवशी. मग म्हणाले, तीन दिवस झाले असतील. मी म्हटले, "गावातल्या बत्तीस वॉलच्या वेळा तोंडपाठ आहेत तुम्हाला, आणि ही एक तारीख आठवत नाही?" ते म्हणाले, "वहिनी, ते चार दिवस मी झोपलोच नाही. सगळे दिवस एकच वाटतात." अंड्यांवरच्या तारखा तरी खऱ्या का, असे मी विचारले. ते म्हणाले, "तारखा खऱ्या आहेत. तेवढं खोटं माझ्यानं झालं नाही."

मी संध्याकाळीच पुन्हा बाजारात गेले. कोंबडीवाला झाप बांधत होता. तो म्हणाला, तो फक्त शुक्रवारीच बसतो. घरून विकतो का, असे विचारल्यावर म्हणाला, "घरी? बायको मला ठेवते हेच खूप, कोंबड्या कुठून ठेवील." मार्चमधला पहिला शुक्रवार १ तारखेचा. तेव्हा मी घरी होते आणि कोंबडा जिवंत होता. मग शुक्रवार, ८ मार्च. पण ८ तारखेला सकाळी घेतला की संध्याकाळी, आणि आत कधी सोडला, हे त्याला कसे माहीत असणार.

शनिवारी, २० एप्रिलला दीर मला त्यांच्या कचेरीत घेऊन गेले. हे त्यांनी आपणहून केले. कचेरी म्हणजे टाकीखालची एक खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या वॉलच्या चाव्या. तिथल्या कारकुनाने वॉलची नोंदवही दाखवली. ८ मार्चला दवाखान्याच्या मागच्या वस्तीचे पाणी सकाळी साडेनऊऐवजी दहा वाजून दहा मिनिटांनी सुटले. त्याबद्दल दिरांना मेमो मिळाला होता. चौदा वर्षांच्या नोकरीतला पहिला. घरात त्यांनी तो दाखवला नव्हता.

तो मेमो वाचल्यावर त्यांना आठवले. ड्युटीच्या वेळात ते बाजारात गेले होते. कोंबडा घेऊन घरी यायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तो पिशवीत घालून याच खोलीत, टेबलाखाली ठेवला. कारकून म्हणाला, "हो तर! दिवसभर ओरडत होता. साहेब तपासणीला आले तेव्हा मी खोकत होतो मुद्दाम." संध्याकाळी साडेसहाला ड्युटी सुटली. दीर सातला घरी पोचले. कोंबड्या तोवर आडव्या दांडीवर झोपायला बसलेल्या असतात. त्यांनी अंधारातच नव्याला आत सोडला आणि दार लावले. ८ तारखेची अंडी त्यांनी दुपारी जेवायला आले तेव्हाच उचलली होती; उजेडात कोंबड्या नव्याला टोचतील म्हणून त्याला तेव्हा आणला नव्हता.

नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो या जबाबासोबत जोडते. कारकुनाचा जबाब घ्यावा, अशी मी विनंती केली. आवश्यकता नाही, असे सांगण्यात आले.

त्यावरून खुडूक कोंबडीखालची सहा पिल्ले राखुंडी आहेत असे माझे म्हणणे आहे. पेटीतली पंधरा नाहीत. ती मी वेगळी काढून दिरांच्या बाजूला ठेवली आहेत. नवा कोंबडाही तिकडेच आहे. कोंबडीवाला तो परत घ्यायला तयार होता, पण दीर नको म्हणाले. नव्याचा अंश जाईपर्यंत कोंबड्या महिनाभर तरी कोंबड्यावाचून ठेवाव्या लागतील. म्हणजे अंड्यांचा हा हंगाम गेला. आता सगळे त्या सहांवर आहे. त्यांतले एकही नर नसेल तर जात इथेच थांबते. एकाचा तुरा बाकीच्यांपेक्षा लालसर दिसतो. चार आठवड्यांच्या पिल्लावरून नक्की सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांवरून तर नाहीच. शिक्षक काल एसटीने येऊन बघून गेले. त्यांनी त्या एकाला तळहातावर घेऊन बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "मला वाटतं. पण मला वाटायचंच आहे, म्हणून माझ्यावर जाऊ नका."

कोंबडीवाल्याविषयी. माझा त्याच्यावर काहीही संशय नाही. तो माझ्या चुकीमुळे बाकावर बसला. पोलिसांनी बाजारात येऊन तसे जाहीर करावे, अशी मी विनंती केली. तशी पद्धत नाही, असे सांगण्यात आले. आणायला जीप जाते, सांगायला जात नाही. म्हणून काल, शुक्रवारी, मी स्वतः त्याच्या कोपऱ्यावर सकाळी नऊपासून उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की या माणसाने काही चोरलेले नाही, मी खोटे नाव घेतले. सायकलच्या दुकानदारालाही सांगितले. अकराच्या सुमारास दीर आले. या वेळी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. माझ्या शेजारी उभे राहून ते म्हणाले, "आणि कोंबडा मी बदलला." एवढे बोलून ते दीडपर्यंत उभे राहिले. कोंबडीवाला शेवटी म्हणाला, "आता जावा दोघं. तुम्ही पहाऱ्याला उभे राहिल्यासारखे राहिलात तर गिऱ्हाईक यायचं नाही."

मेलेल्या चार कोंबड्यांच्या बदल्यात काय हवे, असे मी त्याला विचारले. काही नको म्हणाला. हवालदारांनी त्याच्याशी नीट बोलावे एवढीच त्याची अपेक्षा आहे. मी ती इथे कळवते.

आता विचारल्यावरून सांगते की, १९ तारखेपासून मी दिरांशी बोललेले नाही. बाजारात शेजारी उभी होते तेव्हाही नाही. जेवण देते. ताट झाकून त्यांच्या दाराशी ठेवते, ते रिकामे घासून परत येते.

दिरांविरुद्ध विश्वासघाताची तक्रार द्यायची आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही. मग ‘माझी दिरांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ असे लिहू का, असे विचारण्यात आले. तसे लिहू नये. तक्रार आहे. पोलिसांत द्यायची नाही, एवढेच.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती करून घेतली. आता तो मी सांगितला तसाच आहे. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सही करते.